ऐकू आलं की बटण दाबा

ऐकू आलं की बटण दाबायचं, नायना.
कितीही बारीक असलं तरी.
काचेपलीकडून तो मान हलवतो,
म्हणजे माझे ओठ वाचतो.
शेडमध्ये सगळेच वाचतात,
मागावर कुणी कुणाशी आवाजानं बोलत नाही.

दत्तनगरात पुढच्या खोलीत माग,
मागच्या खोलीत आम्ही.
मी म्हणे वीज गेली की रडायचे.
धोटा थांबला की टक्क जागी,
लाइट आली, खटखट सुरू झाली, की पुन्हा गाढ.
शेजारची राजव्वा पंख्याकडे बघायचीच नाही,
माझं रडणं ऐकून मेणबत्ती शोधायची.

अम्मा लग्न होऊन आली तेव्हा
तंबाखूच्या वासानं मोरीत ओकली होती.
सुपापुढं बसायची, उठायची, ओकायची,
पुन्हा पान कापायला घ्यायची.
सातव्या दिवशी वास गेला म्हणाली.
गेला कुठं?
सुपातच होता,
माझ्या दप्तरात होता, भाकरीच्या फडक्यात होता.
चौथीत बाईंनी विचारलं, घरी कोण ओढतं गं विड्या?
कोणीच नाही बाई.
खरं तेच सांगितलं, तरी ओरडा बसला.

आणि पिल्ली.
पिल्ली म्हणजे आमच्या भाषेत नुसतंच मांजर,
वेगळं नाव ठेवायला वेळ कुणाला होता?
सुताच्या पोत्यातून निघाली, मूठभर.
पहिल्या दिवशी धोट्याच्या प्रत्येक फेकीला
कान पाडून थरथरली.
दुसऱ्या दिवशी भिंतीपर्यंत आली.
शनिवारी बघतो तर मागाखाली,
चादरीच्या गुंडाळीला टेकून
पोट वर करून झोपलेली.
नायना हसला. म्हणाला, बघ,
तिला पाच दिवस लागले, मला पंधरा.

पण दुधाची पिशवी कात्रीनं कापली,
तेही आत, चुलीपाशी,
दोन्ही माग धडधडत असताना,
तरी ती उठून यायची.
मी त्याला पाठीमागून हाक मारायचे.
एकदा. दोनदा.
मग जाऊन बनियन ओढायचे.
आम्ही दोघांनाही सवयच म्हणत होतो.

आता मी सिव्हिलमध्ये लोकांचे कान मोजते.
चाळीस. पन्नास. पंचावन्न.
तो अंगठा बटणावर ठेवून बसलाय,
तुटणाऱ्या धाग्याची वाट बघावी तसा,
सरळ पाठीनं.
साठ.
काचेच्या अलीकडे माझ्या हातातला पेन
आलेखावर खाली खाली उतरतो,
आणि मला ते पोट वर केलेलं मांजर आठवतं.
तिनं आवाज बाजूला ठेवला होता,
लागला तर घ्यायला.

मध्येच तो बटण दाबतो.
मी काहीच वाजवलेलं नाही.
पुन्हा दाबतो.
खुणेनं विचारते, काय?
तो हवेत तळहात हलवतो, डावीकडून उजवीकडे,
जरा ओशाळून.

माग मार्चमध्ये भंगारात गेले, किलोवर.
टेम्पो वळला आणि घर इतकं गप्प झालं
की पिल्ली तीन दिवस फडताळावरून उतरली नाही.
चमचा पडला की उडायची,
अम्मानं पान झटकलं की उडायची.
अम्मा म्हणाली, म्हातारपणी हिला पुन्हा शाळेत घातलं.
चौथ्या दिवशी आली खाली,
जिथं माग होता तिथं, चार बोल्टांच्या भोकांमध्ये,
अंगाची गुंडाळी करून बसली.

संध्याकाळी रिक्षातून घरी आलो.
कागद मी पर्समध्येच ठेवला.
त्यानं विचारलं नाही,
उंबऱ्याजवळ खुर्ची ओढून बसला, पाठ आमच्याकडे.
मी आत पिशवी कापली.
पिल्ली उठली, आळस दिला,
त्याच्या पायाला घासून स्वयंपाकघराकडे निघाली.
त्यानं तिला जाताना पाहिलं
आणि मागं न वळता म्हणाला,
दूध आलं का? चहा टाक मग.
साखर कमी.